शंभर शेळ्या, पाच बोकड आणि पन्नास टक्के अनुदान : राष्ट्रीय पशुधन अभियानाचा अर्ज कोणत्या क्रमाने करावा

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या उद्योजकता विकास घटकातून शेळीपालनासाठी ५० टक्के भांडवली अनुदान मिळते, ही माहिती आता बहुतेक पशुपालकांपर्यंत पोचली आहे. तरीही अनेक अर्ज बँकेच्या टेबलावर अडकतात आणि मंजूर झालेले काही प्रकल्प अनुदानाचा दुसरा हप्ता मिळण्याआधीच खिळखिळे होतात. असे प्रकल्प पाहिले की चूक बहुधा एकच आढळते आणि ती क्रमाची असते. आधी अनुदान, मग शेड, मग शेळ्या आणि सगळ्यात शेवटी चारा, असा हा उलटा क्रम असतो. त्याची किंमत प्रथम शेळ्या मोजतात आणि मग कर्जदार. पुढील टप्पे त्यामुळे चाऱ्यापासून सुरू केले आहेत.

## आधी हे स्पष्ट असू द्या

अनुदान प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के असते, पण त्याला कमाल मर्यादा आहे. १०० शेळ्या व ५ बोकडांच्या गटाला १० लाख, २०० व १० ला २० लाख, ३०० व १५ ला ३० लाख, ४०० व २० ला ४० लाख आणि ५०० व २५ ला ५० लाख रुपये, अशी ती चढत जाते. वैयक्तिक पशुपालकांसह बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि संयुक्त दायित्व गट अर्ज करू शकतात. जमीन खरेदी, जमिनीचे भाडे, खासगी वाहन आणि खेळते भांडवल यांसाठी हे अनुदान नाही. यातला खेळत्या भांडवलाचा मुद्दा सर्वाधिक लोक विसरतात. पहिल्या वर्षाचा खुराक, मजुरी, औषधे आणि वीजबिल हे सर्व स्वतःच्या खिशातून किंवा वेगळ्या कर्जातून भागवावे लागते.

शंभर शेळ्यांचा आकडा ज्यांच्या जमिनीला आणि पाण्याला पेलणारा नाही, त्यांनी या योजनेकडे वळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची १० शेळ्या व १ बोकड गटवाटपाची योजना आहे. तिच्यात सर्वसाधारण प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ७५ टक्के अनुदान मिळते. दहा शेळ्या नीट सांभाळून कळप वाढवत नेलेला पशुपालक पुढे शंभरांचा अर्ज करतो, तेव्हा त्याच्या कागदांना वेगळे वजन असते.

## टप्पा १ : अर्जाच्या सहा महिने आधी चारा

हिशेब कागदावर मांडावा. ३० ते ३५ किलो वजनाच्या प्रौढ शेळीला दिवसाला साधारण ३ किलो हिरवा चारा, पाऊण किलो वाळलेला चारा आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक लागतो. १०५ जनावरांचा हिरवा चारा दिवसाला ३१५ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे ११५ टन होतो. बागायती एक एकर संकरित नेपियर गवत वर्षाला साधारण ६० ते ८० टन चारा देते. केवळ प्रौढ जनावरांसाठीच दोन एकरांच्या आसपास बागायती जमीन लागते आणि करडांचा वाटा धरला तर तीन एकरांची तयारी ठेवावी लागते. वाळलेला चारा वर्षाला २९ टनांच्या घरात जातो. तुरीचे व हरभऱ्याचे भुसकट हंगामात, मळणी चालू असतानाच घ्यावे. मे महिन्यात ते दुप्पट दरानेही मिळेलच असे नाही.

मात्र एकट्या नेपियरवर शेळी राहत नाही. शेळी मान वर करून झाडपाला ओरबाडणारे जनावर आहे आणि तिची पचनसंस्थाही त्याच आहाराला सरावलेली आहे. बांधावर शेवरी, हादगा व सुबाबळ लावावी आणि एका तुकड्यात दशरथ घास घ्यावा. सुबाबळीत मायमोसिन हे अपायकारक द्रव्य असल्याने तिचे प्रमाण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त ठेवू नये. झाडपाल्याच्या या रांगांना पहिली कापणी देण्यास काही महिने लागतात, म्हणून लागवड अर्जाच्या आधीच करावी लागते. तिचा खर्च मोठा नसतो आणि जागेची पाहणी करण्यास येणाऱ्या बँक अधिकाऱ्याला उभा चारा दिसला तर त्याच्या अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

पाण्याचाही हिशेब याच वेळी करावा. उन्हाळ्यात शेळीमागे दिवसाला पाच लिटर धरले तर केवळ पिण्यासाठी सव्वापाचशे लिटर पाणी लागते. विहीर किंवा कूपनलिका एप्रिल-मे महिन्यांत किती वेळ चालते, हे मागील दोन उन्हाळ्यांच्या अनुभवावरून लिहून काढावे.

तपासणी : १५ मे रोजी आपल्या शेतात हिरवे काय असेल, वाळलेले किती साठवलेले असेल आणि पाणी कुठून येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी देता येत नसतील तर अर्ज पुढे ढकलावा.

## टप्पा २ : प्रशिक्षण आणि जमिनीचे कागद

अर्जदाराने प्रशिक्षण घेतलेले असावे, किंवा त्याला या कामाचा पुरेसा अनुभव असावा, किंवा त्याच्याकडे प्रशिक्षित माणूस असावा, अशी योजनेची अट आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर, कृषी विज्ञान केंद्रांत आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयांत प्रशिक्षणे होतात. एका दिवसाच्या सभागृहातील व्याख्यानाऐवजी प्रत्यक्ष कळपात काम करू देणारे प्रशिक्षण निवडावे. खूर कापणे, दातांवरून वय ओळखणे, डोळ्याची खालची पापणी उलटून तिचा रंग पाहणे आणि व्यायला अडलेली शेळी वेळीच ओळखणे ही कामे हातानेच शिकावी लागतात.

जमीन स्वतःची किंवा भाडेपट्ट्याची चालते. सातबारावर भावांची सामाईक नावे असतील तर संमतीपत्र आधीच घ्यावे. भाडेपट्टा नोंदणीकृत असावा आणि त्याची मुदत कर्जफेडीच्या मुदतीपेक्षा कमी नसावी, कारण तीन वर्षांच्या करारावर सात वर्षांचे कर्ज द्यायला कोणतीही बँक तयार होत नाही. जागेचे अक्षांश-रेखांश दाखवणारे छायाचित्र अर्जासोबत लागते. ते प्रस्तावित शेडच्या नेमक्या जागेवर उभे राहूनच काढावे. घराच्या अंगणातले छायाचित्र जोडल्यामुळे परत आलेला अर्ज मी स्वतः पाहिला आहे.

## टप्पा ३ : शेडचा आराखडा शेळीच्या बाजूने

प्रकल्पखर्चाचा मोठा वाटा शेडवर जातो आणि पुढील अनेक वर्षे शेळी कशी जगेल हेही इथेच ठरते. त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नये आणि शेडचे साहित्य विकणाऱ्याकडून आराखडा घेऊ नये.

क्षेत्रफळापासून सुरुवात करावी. प्रौढ शेळीला छताखाली किमान १ चौरस मीटर आणि बोकडाला २ चौरस मीटर जागा लागते. मोकळे आवार याच्या दुप्पट असावे. शंभर शेळ्यांचे १०० आणि पाच बोकडांचे १० चौरस मीटर होतात. त्यात करडांचे कप्पे, व्यायला आलेल्या शेळ्यांचे कप्पे आणि आजारी जनावरांची खोली धरली तर आकडा १८० चौरस मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे ६ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब शेड. रुंदी याहून फार वाढवू नये, कारण रुंद शेडच्या मधल्या भागात हवा खेळत नाही. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. बाजूच्या भिंती तीन फुटांपर्यंतच बांधाव्यात आणि त्यावर जाळी असावी. थंडीत व पावसाच्या झडीत गोणपाटाचे पडदे सोडता येतात. पक्की उंच भिंत मात्र पाडता येत नाही.

गव्हाणीचा हिशेब बहुतेक आराखड्यांत चुकलेला असतो. प्रत्येक शेळीला गव्हाणीवर ३५ ते ४० सेंटीमीटर जागा मिळाली पाहिजे. शंभर शेळ्यांना ती ४० मीटरपर्यंत होते, पण ३० मीटरच्या शेडमध्ये एकाच बाजूला गव्हाण असेल तर वीस-पंचवीस शेळ्या रोज मागे राहतात. मागे राहणाऱ्या त्याच त्या असतात. एक तर नुकत्याच आणलेल्या, नाही तर गाभण किंवा शिंगाने दबलेल्या. दोन महिन्यांनी त्यांच्या बरगड्या दिसू लागतात आणि मालक जंताचे औषध पाजत बसतो. गव्हाण दोन्ही बाजूंना द्यावी, किंवा मोकळ्या आवारात दुसरी ओळ करावी.

जमिनीबद्दल बराच गोंधळ आहे. उंचावरील फटींच्या फळ्यांची जमीन कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात उपयोगी ठरते. मराठवाड्यात किंवा माणदेशात मात्र चांगला निचरा होणारी, मुरूम धुमसून केलेली आणि अधूनमधून चुना टाकलेली जमीन पुरेशी होते, शिवाय खुरांना ती अधिक मानवते. फळ्यांवर वाचलेले पैसे मोकळ्या आवारासाठी, त्यातील दोन-चार सावलीच्या झाडांसाठी आणि शेळ्यांना चढायला दगडी ओटे रचण्यासाठी वापरावेत. शेळीला उंचावर चढून बसणे आवडते आणि मारकुट्या शेळीपासून सुटका करून घ्यायलाही दुबळीला तीच जागा सापडते. कळप दावणीला बांधून ठेवण्याची पद्धत शंभरांच्या गटात ठेवूच नये. पिण्याच्या टाक्या आतल्या भागात न ठेवता आवाराच्या कडेला ठेवाव्यात, म्हणजे बसायची जागा ओली होत नाही.

एका जुलैत फलटण तालुक्यातील एका नव्या शेडमध्ये भल्या पहाटे गेलो होतो. उभे असताना काहीच वावगे वाटत नव्हते. फरशी स्वच्छ दिसत होती आणि छतही उंच होते. खोकणारे एक करडू पाहण्यासाठी गुडघ्यावर बसलो, तेव्हा क्षणात डोळ्यांत पाणी आले आणि नाक चुरचुरले. जमिनीपासून दीड फुटावर, जिथे करडाचे नाक असते तिथे, मुताचा उग्र वायू साचून राहिला होता, कारण पावसाची झड अडवायला बाजूचे पडदे रात्रभर तळापर्यंत सोडले होते आणि फरशीला उतार नव्हता. मालक रोज दोनदा शेडमधून फिरत होते, पण उभ्याने. त्यानंतर त्यांनी पडद्यांच्या वर एक फूट मोकळी जागा ठेवली आणि फरशीला गटाराकडे उतार दिला.

तपासणी : शेड झाल्यावर पहाटे पाच वाजता, झाडलोट होण्यापूर्वी, आत गुडघ्यावर बसून पाच मिनिटे श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर हवा आणि उतार या दोन गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय जनावरे आणू नयेत.

## टप्पा ४ : प्रकल्प अहवाल स्वतः लिहावा

तयार प्रकल्प अहवाल विकणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या अहवालात प्रत्येक शेळी दरवेळी जुळी देते, मरतूक दोन टक्क्यांवर थांबते आणि बोकडाला बकरी ईदचा भाव बारा महिने मिळतो. बँकेने असे दहा अहवाल आधी पाहिलेले असतात. आपला अहवाल सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा, पण त्यातील आकडे आपल्या शेताचे व आपल्या बाजाराचे असावेत.

उत्पन्न कधी सुरू होईल, हा अहवालाचा कणा आहे. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असतो. आणलेल्या शेळ्या नव्या जागेत रुळायला एक-दीड महिना लागतो, त्यानंतर त्या फळतात, पाच महिन्यांनी वितात आणि करडे विक्रीयोग्य व्हायला आठ-नऊ महिने जातात. म्हणजे पहिली खरी आवक पंधराव्या महिन्याच्या आसपास होते. कर्जाचा पहिला हप्ता सातव्या महिन्यापासून बसला तर गाभण शेळ्या विकून तो भरावा लागतो आणि कळप तिथेच मोडतो. त्यामुळे हप्ते सुरू होण्यापूर्वीची सवलतीची मुदत किती हवी, हे या महिन्यांच्या हिशेबासह अहवालातच लिहावे आणि बँकेशी त्यावर आग्रहाने बोलावे.

खर्चाच्या बाजूला शेड, जनावरे, वाहतूक, विमा, चारा लागवड, कडबा कुट्टी यंत्र, पाण्याची सोय आणि उपकरणे हे घटक वेगवेगळे दाखवावेत आणि प्रत्येकासोबत दरपत्रक जोडावे. पहिल्या पंधरा महिन्यांच्या खेळत्या भांडवलाचे वेगळे पान करावे. ते अनुदानात धरले जात नसले तरी ते कुठून येणार, हे बँकेला पाहायचे असते. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्डाची सोय आहे आणि जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतचे शेतीविषयक कर्ज विनातारण देण्याची तरतूद आहे. राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये पशुसंवर्धन व्यवसायाला कृषिसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ५०० पर्यंतच्या मेंढ्या-शेळ्यांचे गट त्यात येतात, तेव्हा वीजदर आणि ग्रामपंचायत कर यांचे आकडे मांडण्यापूर्वी पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी करावी.

जातीची निवडही इथेच कारणासह लिहावी. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ या महाराष्ट्रातील नोंदणीकृत जाती आहेत. आपल्या भागातील हवामान आणि चारा सोसणारी जात घेतली तर औषधांचा खर्च आपोआप उतरतो. राजस्थान किंवा पंजाबमधून आणलेली देखणी जनावरे पहिल्याच पावसाळ्यात निमोनियाने बसल्याची उदाहरणे कमी नाहीत.

इशारा : ‘अनुदान मंजूर करून देतो’ म्हणून टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. मोबाइलवर येणारा पासवर्ड त्याच्या हाती दिला की आपल्या अर्जात काय भरले गेले, हे आपल्यालाच कळत नाही.

## टप्पा ५ : अर्ज आणि त्याचा प्रवास

अर्ज राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या उद्यमीमित्र पोर्टलवर भरायचा असतो. आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला धनादेश, सहा महिन्यांचे बँक विवरण, आयकर विवरणपत्रे किंवा लेखापरीक्षित हिशेब, जमिनीचे कागद, जागेचे छायाचित्र, प्रशिक्षण वा अनुभवाचे प्रमाणपत्र आणि प्रकल्प अहवाल एवढी तयारी एकत्र करूनच बसावे. आधार, पॅन, सातबारा आणि बँक खाते या चारही ठिकाणी नावाचे लेखन एकसारखे आहे का, हे आधी पाहावे. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडतो.

पुढे राज्य अंमलबजावणी यंत्रणा अर्जाची छाननी करते. मग तो कर्जासाठी बँकेकडे जातो. बँकेच्या मंजुरीनंतर राज्यस्तरीय समिती शिफारस करते, केंद्राचा पशुसंवर्धन विभाग मान्यता देतो आणि अनुदानाची रक्कम सिडबीमार्फत (भारतीय लघुउद्योग विकास बँक) वितरित होते. स्वनिधीतून प्रकल्प करायचा असला तरीही बँकेने त्याचे मूल्यमापन करणे आवश्यक असते. या साखळीत सर्वाधिक वेळ बँकेच्या कडीत जातो. म्हणून पोर्टलवर बँकेची शाखा निवडण्यापूर्वीच त्या शाखाधिकाऱ्यांना भेटावे, अहवाल दाखवावा आणि कर्ज देण्याची तयारी आहे का, हे विचारावे. सोबत तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनाही जागा दाखवून ठेवावी.

इशारा : मंजुरीपूर्वी केलेला शेडचा किंवा जनावरांचा खर्च प्रकल्पात धरला जाईल, असे गृहीत धरू नये. अर्ज भरल्या भरल्या खांब रोवणे ही सर्वांत महाग पडणारी घाई आहे. चारा लागवड तेवढी याला अपवाद आहे, कारण ती अनुदानासाठी नसून शेळ्यांसाठी आहे.

## टप्पा ६ : बांधकाम आणि पहिला हप्ता

अनुदान दोन समान हप्त्यांत येते. बँकेच्या कर्जाचे वितरण आणि सुरुवातीच्या खर्चाची पडताळणी झाल्यावर पहिला, तर प्रकल्प पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर दुसरा. म्हणजे काम सुरू करताना हाती असतो तो स्वतःचा वाटा आणि कर्ज. ‘अनुदान आले की शेड बांधू’ हा विचार मुळातच चुकीचा आहे.

पाया, खांब, छत व जाळी या प्रत्येक टप्प्याची तारखेसह छायाचित्रे काढावीत. पैसे बँकेतूनच द्यावेत आणि पक्की पावती घ्यावी. गवंड्याला रोख दिलेले पैसे पाहणीच्या वेळी दाखवता येत नाहीत. आराखड्यात बदल करावा लागला तर तो आधी बँकेला लेखी कळवावा.

## टप्पा ७ : खरेदी आणि वाहतूक

शंभर शेळ्या एका आठवडी बाजारातून एका दिवसात घेऊ नयेत. बाजारात वीस गावांची जनावरे एकत्र येतात आणि त्यांच्यासोबत वीस गावांचे आजारही येतात. बँकेशी ठरवून खरेदी दोन-तीन टप्प्यांत करावी आणि शक्यतो पैदासकारांच्या कळपातून घ्यावी. दोन ते चार दाती शेळ्या निवडाव्यात. कासेला हात लावून गाठ नाही आणि दोन्ही सड चालू आहेत, हे पाहावे. शेपटीखालचे केस हगवणीने चिकटलेले असतील किंवा नाकाडोळ्यांतून स्राव येत असेल, तर ती शेळीच नव्हे, त्या कळपातील एकही शेळी घेऊ नये.

महाराष्ट्रात जून २०२४ पासून कानातील बिल्ल्याशिवाय पशुधनाच्या खरेदी-विक्रीला व वाहतुकीला मनाई आहे. बारा अंकी क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा आणि जनावरांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या भारत पशुधन प्रणालीवर मालकीची नोंद आपल्या नावावर करून घ्यावी.

वाहतुकीसाठी १९७८ चे प्राणी वाहतूक नियम लागू होतात. साडेचार ते पाच टन क्षमतेच्या मालवाहू गाडीत ४० पेक्षा अधिक शेळ्या-मेंढ्या नेता येत नाहीत. नर व मादी एकाच कप्प्यात ठेवू नयेत, तळाशी गवताचा थर असावा, पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र सोबत असावे आणि प्रवासाला पुरेल एवढा चारा व पाण्याची सोय असावी. भाडे वाचवण्यासाठी एका गाडीत सत्तर-ऐंशी शेळ्या कोंबल्या की दोन-तीन गाभण शेळ्या चेंगरून वाटेतच गाभ टाकतात आणि उरलेल्या पुढचे दोन आठवडे ताप व खोकल्याने आजारी राहतात. उन्हाळ्यात प्रवास रात्रीच करावा. उतरवल्यावर आधी पाणी द्यावे, मग वाळलेला चारा आणि खुराक दोन दिवसांनी.

## टप्पा ८ : पहिले एकवीस दिवस

नव्या शेळ्या किमान २१ दिवस वेगळ्या जागेत ठेवाव्यात. ही जागा मुख्य शेडपासून दूर हवी. भांडी, फावडे व शक्य असल्यास माणूसही वेगळा असावा. पहिल्या तुकडीसाठी हे अनावश्यक वाटते, पण दुसरी तुकडी येते तेव्हा याच सवयीवर पहिली तुकडी वाचते.

पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लस साधारण तीन वर्षे संरक्षण देते. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी आणि पहिल्यांदा देत असल्यास दोन ते तीन आठवड्यांनी तिची दुसरी मात्रा द्यावी. लाळ्या-खुरकूत, घटसर्प व देवी यांचे वेळापत्रक पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून आपल्या भागासाठी लिहून घ्यावे. प्रवासाने थकलेल्या जनावराला उतरल्या दिवशीच लस टोचू नये.

जंताचे औषध ठरावीक तारखेला सरसकट सगळ्या कळपाला पाजण्याची पद्धत सोडावी. लेंडीचे नमुने पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावेत आणि गरज असेल त्यांनाच, वजनानुसार पूर्ण मात्रेत औषध द्यावे. वारंवार दिलेल्या औषधाला जंत सरावतात आणि मग ते निरुपयोगी होते. प्रतिजैविक दिलेल्या बोकडाची विक्री पशुवैद्यकाने सांगितलेला काळ संपेपर्यंत करू नये.

विमा याच काळात उतरवावा. अभियानाच्या पशुधन विमा घटकात लाभार्थ्याचा हप्त्यातील वाटा १५ टक्के आहे आणि उरलेला भार केंद्र व राज्य उचलतात. जनावर दगावल्यास तत्काळ विमा कंपनीला व पशुवैद्यकाला कळवावे, शवविच्छेदन करून घ्यावे आणि कानातील बिल्ला काढू नये. बिल्ल्याशिवाय दावा उभा राहत नाही.

तपासणी : दर आठवड्याला वीस शेळ्यांच्या डोळ्याची खालची पापणी उलटून पाहावी. ती लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी पडली असेल तर जंतांमुळे रक्त कमी झाल्याची शंका घ्यावी आणि लेंडी त्याच दिवशी तपासणीला पाठवावी.

## टप्पा ९ : दुसरा हप्ता आणि पाहणी

दुसऱ्या हप्त्यापूर्वी पाहणीला येणारे अधिकारी जनावरे मोजतात, बिल्ले पडताळतात आणि नोंदवही मागतात. पाहणीच्या दिवसापुरत्या शेजारच्या शेळ्या आणून उभ्या करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. बिल्ल्यांचे क्रमांक जुळत नाहीत आणि मग हप्ता तर जातोच, पण अनुदानाच्या वसुलीची वेळही येऊ शकते. मरतूक झाली असेल तर शवविच्छेदनाचा दाखला आणि विम्याची कागदपत्रे पुढे ठेवावीत.

नोंदवही साधी असावी, पण रोजची असावी. बिल्ला क्रमांक, फळल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, करडांचे जन्मवजन, लस, औषध, विक्री आणि मृत्यू, एवढे रकाने पुरेसे आहेत. लेंडीखताच्याही नोंदी ठेवाव्यात. किती गाड्या खत निघाले, किती स्वतःच्या चाऱ्याच्या शेतात गेले आणि किती विकले, हे लिहावे. शेडमधील मुताचे व धुण्याचे पाणी गटारातून खड्ड्यात साठवून नेपियरच्या वाफ्यांना दिले की तिथला रासायनिक खतांचा खर्च उतरतो. पुढील वर्षी किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून मागताना ही वहीच बँकेपुढे ठेवता येते.

चाऱ्याची दुसऱ्या उन्हाळ्याची तजवीज पाहणीच्या धांदलीत मागे पडते. मका मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, कापण्याची वेळ दाण्यात दूध भरून ते घट्ट होऊ लागले की येते आणि ती आठवडाभरातच निघून जाते. त्या आठवड्यात कुट्टी यंत्र, पिशव्या आणि दोन मजूर तयार हवेत, मग पाहणीची तारीख काहीही असो.